शनिवारच्या गर्दीत आपली जागा

ऑगस्ट संपत आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. व्हिसा, शाळा, सासूबाईंचा विमा हे सगळं मागे पडतं आणि कॉलेज फुटबॉल सुरू होतं, म्हणजे विद्यापीठांच्या संघांचे शनिवारी होणारे अमेरिकन फुटबॉलचे सामने. अमेरिकेच्या मधल्या राज्यांत राहणाऱ्या मराठी घरांना डिसेंबरपर्यंत या शनिवारांतून सुटका नाही, आणि सुटका करून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. या वेळी आलेल्या पत्रांपैकी काहींना उत्तरं देते आहे.

ताई, आम्ही जूनमध्ये कोलंबसला राहायला आलो. ह्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी ओहायो स्टेटच्या सामन्याआधी टेलगेटला बोलावलंय. सकाळी आठला पार्किंग लॉटमध्ये जमायचं म्हणतात! आम्ही दोघं शाकाहारी, आणि फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. एवढा वेळ बोलायचं काय आणि सोबत न्यायचं काय?
— नवी कोलंबसकर

टेलगेट म्हणजे सामन्याआधी पार्किंग लॉटमध्ये गाड्यांपाशी तंबू ठोकून जमवलेली खाण्यापिण्याची मैफल. नक्की जा, आणि त्यासाठी खेळाचे नियम पाठ करत बसू नका. माझी नोकरी इथल्याच एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत झाली. तिथल्या सहकाऱ्यांबरोबर पार्किंग लॉटमध्ये मी पुष्कळ शनिवार काढले आहेत. सकाळपासून तिथे जी बोलणी चालतात त्यात क्वार्टरबॅकचं, म्हणजे संघाच्या सूत्रधार खेळाडूचं, नाव अधूनमधून येतं. बाकी सगळा वेळ लोक बोलतात ते मांस किती तास शिजवलं, अंगणातल्या गवताला काय झालंय, कुत्र्याचं ऑपरेशन, स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीला कुठे प्रवेश मिळाला, जुन्या ट्रकने किती मैल काढले याबद्दल. सामना हे जमायचं निमित्त. मी नव्या माणसांना एकच सांगते: फुटबॉलच्या दाराने आत शिरू नका, तुम्हाला ज्याची मनापासून आवड आहे त्या दाराने शिरा. तुमची आवड असलेला माणूस त्या तंबूत नसला तर शेजारच्या तंबूत असतो.

आता खाण्याचं. ग्रिलवर मांस असणार, ते गृहीत धरा. मक्याचे चिप्स, फळं हे चालेल; बटाट्याच्या सॅलडमध्ये अंडं असू शकतं. पण बेक्ड बीन्स दिसायला निरुपद्रवी असले तरी त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, आणि मार्शमेलोत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेला पदार्थ. विचारायला संकोच करू नका. इथे कुणाला ग्लूटेन चालत नाही, कुणाला दूध, त्यामुळे अशा प्रश्नाचं कुणाला काही वाटत नाही. ग्रिलचा एक कोपरा ॲल्युमिनियम फॉइल अंथरून मागून घ्या. सप्टेंबरात ओहायोचा गोड मका अजून मिळतो. कणसं सोलून न्या, तिथेच भाजा, आणि लिंबाच्या फोडीने तिखटमीठ चोळून हातात द्या. माझ्या माहितीत त्या कणसांना नाही म्हणणारा माणूस नाही. पहिल्यांदा दिली तेव्हा आमच्या विभागप्रमुख बाईंनी लिंबाची फोड कशी धरायची ते माझ्याकडून नीट शिकून घेतलं आणि मग रांगेतल्या पुढच्या माणसाला शिकवलं.

गोड न्यायचं असेल तर बकआय करा. बकआय हे ओहायोच्या झाडाचं तपकिरी बी, त्यावर एक फिकट डाग असतो. विद्यापीठाच्या संघाचं नावही त्यावरूनच. खरं बी विषारी आहे, ते फक्त माळेत ओवून गळ्यात घालतात. मिठाई मात्र त्याच रूपाची. पीनट बटर, मऊ केलेलं लोणी, पिठीसाखर, थोडं व्हॅनिला, चिमूटभर मीठ एकत्र मळायचं. गोळे वळून फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यायचे. मग एकेक गोळा टूथपिकला टोचून वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायचा, पण वरचा रुपयाएवढा भाग उघडा ठेवायचा, म्हणजे तो डाग दिसतो. टूथपिकचं भोक बोटाने हलकेच मिटवायचं. लाडू वळणारे हात असले की हे काम झरझर होतं. अंडं नाही, जिलेटिन नाही. फक्त डब्यावर ‘शेंगदाणा आहे’ अशी चिठ्ठी लावा, ॲलर्जीवाले असतात.

आणि बोलायचं काय? स्मोकरपाशी, म्हणजे मांस धुरावर शिजवायच्या भट्टीपाशी, जो माणूस उभा असेल त्याच्याकडे जा. तो रात्रभर जागलेला असतो आणि त्याला कुणी विचारलेलं हवं असतं. आमच्या लॉटमध्ये बस दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ ब्रिस्केट करतात, म्हणजे गाईच्या छातीकडचं मांस. मी त्याला हात लावत नाही, हे त्यांना माहीत आहे. पण त्यांनी मला सांगितलं की स्मोकर 225 ते 250 अंश फॅरनहाइटवर ठेवला तरी मांसाचं तापमान दीडशेच्या पुढे कुठेतरी अडतं आणि तासन्‌तास वर सरकत नाही. नवखा माणूस घाबरून आच वाढवतो. कारण विचारलं तर म्हणाले, पृष्ठभागावरचं पाणी उडत असतं, ते उडताना उष्णता घेऊन जातं. म्हटलं, हे तर आमच्या माठासारखंच झालं! मग माठ काय, तो पाझरतो कसा, वाळूत का ठेवतात, हे सगळं मी त्यांना सांगितलं. पुढच्या खेपेला त्यांनी बायकोला बोलावून माझ्याकडून ते पुन्हा सांगून घेतलं. आमची ओळख त्या माठावरची आहे. त्यांची आवडती टीम कितीदा जिंकली यावर आम्ही क्वचितच बोललो असू.

तिकीट असेल आणि आत जाणार असाल तर बँड चुकवू नका. ओहायो स्टेडियम 1922 चं, घोड्याच्या नालासारखं; त्यात एक लाखाच्या वर माणूस बसतं. बँडमध्ये फक्त पितळी वाद्यं आणि ताल, बासरी-क्लॅरिनेट काही नाही. वादक चालत चालत मैदानावर ‘ओहायो’ हे अक्षर-अक्षर लिहितात, जोडलिपीत, एकामागून एक. 1936 पासून ही प्रथा आहे. शेवटी इंग्रजी ‘आय’वरचा टिंब द्यायला सूझाफोन वाजवणारा एक विद्यार्थी ते अवाढव्य वाद्य अंगावर घेऊन, पाय उंच टाकत बाहेर पडतो, आपल्या जागी पोचतो, टोपी काढतो आणि दोन्ही बाजूंना कमरेत वाकून नमस्कार करतो. सगळं स्टेडियम उभं असतं. ज्याला खेळ कळत नाही त्यालाही हे कळतं.

कपड्यांत निळा-पिवळा टाळा, ते मिशिगनचे रंग. या दोन राज्यांचं वैर फुटबॉलहून जुनं आहे, बरं का. 1835 मध्ये टोलेडोच्या पट्ट्यावरून दोघांनी आपापलं सैन्य उभं केलं होतं. टोलेडो ओहायोला मिळालं आणि मिशिगनला बदल्यात उत्तरेकडचा भलामोठा जंगलपट्टा मिळाला. इतिहासाची आवड असेल तर हा विषय काढा आणि बाजूला उभं राहून ऐका.

मावशी, मी लिंकन, नेब्रास्का इथे कृषिविद्येत एमएस करतोय. गाव परभणीजवळ. रूममेट आणि लॅबमधले सगळे शनिवारी लाल कपडे घालून गायब होतात आणि सोमवारीही तेच बोलत असतात. मला क्रिकेट सोडून कशात रस नाही. चार महिने मी एकटाच जेवायचं का?
— लाल समुद्रातला एकटा

अरे, तुझ्यासारखा माणूस तर त्या लोकांना हवाच असतो! तू माती शिकतोस. नेब्रास्कात ज्याच्या घराला अंगण आहे तो सप्टेंबरात एकाच चिंतेत असतो, ती गवताची. तिथलं ब्लूग्रास उन्हाळ्याच्या काहिलीत तपकिरी पडून झोपतं आणि ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पुन्हा बी टाकायची वेळ असते. म्हणजे नेमकी सीझनच्या तोंडावर. दाबून बसलेल्या मातीला यंत्राने भोकं पाडायची का, बी आधी की खत आधी, पाणी सकाळी की संध्याकाळी, यावर टेलगेटच्या खुर्च्यांवर बसून लोक हिरिरीने वाद घालतात. त्यात ‘मातीचा नमुना तपासला का?’ एवढं तू विचारलंस की पाच माणसं तुझ्याकडे वळतील. त्यातले दोघं तरी तुला घरी बोलावतील. जा, आणि जेवून ये.

दुसरा तुझा विषय पाऊस. परभणीच्या माणसाला आभाळाकडे बघायला शिकवावं लागत नाही, आणि मोकळ्या मैदानातल्या खेळाचे चाहतेही रडारवर डोळे लावून असतात. स्टेडियमपासून आठ मैलांच्या आत वीज पडली की खेळ थांबवतात आणि शेवटच्या विजेनंतर 30 मिनिटं कोरडी गेल्याशिवाय पुन्हा सुरू करत नाहीत. पुन्हा कडाडली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. 2018 मध्ये तुमच्या लिंकनला सीझनचा पहिलाच सामना, नवा प्रशिक्षक, तुडुंब स्टेडियम, आणि पहिली किक झाली न झाली तोच विजा सुरू झाल्या. लोक तासन्‌तास थांबले आणि सामना शेवटी रद्दच झाला. त्या रात्री कोण कुठे अडकलं होतं हे लिंकनमधल्या कुणालाही विचार. रात्रीचं जेवण होईपर्यंत गोष्ट संपत नाही.

आणि एकदा तरी आत जाऊन बघ. 1962 पासून तिथला प्रत्येक घरचा सामना हाऊसफुल्ल आहे. मला त्या लोकांची एक सवय फार आवडते. सामना संपल्यावर पाहुणा संघ मैदान सोडून जायला निघतो तेव्हा हे उभं राहून त्याला टाळ्या देतात. हरले असले तरी. तू क्रिकेटचा माणूस आहेस, चांगल्या खेळाला दाद देणारं प्रेक्षागृह म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

क्रिकेटबद्दलही बोल, लाजू नकोस. त्यांना बेसबॉल कळतो. एकाच फलंदाजाने दिवसभर खेळून काढणं ही कल्पना त्यांना अद्‌भुत वाटते.

ताई, लंचला सगळे ‘पोर्टल’ आणि ‘एनआयएल’ म्हणून हळहळत असतात. हे काय प्रकरण आहे? थोडक्यात सांगा.
— ऑफिसातला गप्प

थोडक्यात: 2018 पासून खेळाडूंना कॉलेज बदलायचं असेल तर ‘ट्रान्स्फर पोर्टल’ नावाच्या यादीत नाव घालता येतं, आणि आता बदललं तरी वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. 1 जुलै 2021 पासून त्यांना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातींचे पैसे मिळवता येतात, ते एनआयएल. 1 जुलै 2025 पासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरची मर्यादा होती. जुने चाहते हळहळतात कारण पोरगा चार वर्षं आपल्याच गावात दिसेल याची खात्री राहिली नाही. मला वाटतं, स्टेडियम भरवणाऱ्या पोरांना त्यातला वाटा मिळायलाच हवा होता. पण लंचला हे लगेच बोलू नका. आधी त्यांची हळहळ ऐकून घ्या, कारण ती खरी आहे.

मी सांगलीचा निवृत्त शिक्षक. सहा महिन्यांसाठी मुलीकडे ओहायोत आलो आहे. शेजारी प्लंबर आहे. तो कधी कॉलेजात गेला नाही असं तोच सांगतो, पण घरावर विद्यापीठाचा झेंडा, दारात चटई, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, सगळं विद्यापीठाचं. हे प्रेम कुठून येतं? दुसरं म्हणजे, मुलगी-जावई कामावर गेले की माझा दिवस सरत नाही.
— एक आजोबा

सर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेतात आहे. 1862 साली, यादवी युद्ध चालू असताना, अमेरिकेने एक कायदा केला: केंद्राची जमीन राज्यांना द्यायची आणि ती विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी करायची. ओहायो स्टेट त्याच कायद्यातून 1870 मध्ये निघालं. अशा विद्यापीठांनी फक्त वर्गात शिकवलं नाही, गावोगाव माणसं पाठवली. ओहायोत 88 काउंटी, म्हणजे जिल्हे, आहेत आणि सगळीकडे विद्यापीठाचं विस्तार कार्यालय आहे. मक्यावर कीड पडली, सफरचंदं डागाळली, लोणच्याच्या बरण्या फुगल्या की लोक तिथे विचारायला जातात. गावाकडची मुलं वासरं वाढवून जत्रेत दाखवतात, तो उपक्रमही याच विद्यापीठाशी जोडलेला. त्यामुळे तुमचा शेजारी स्वतः वर्गात बसला नसला तरी विद्यापीठ त्याच्या घरी येऊन गेलेलं असण्याची शक्यता दाट आहे. विचारा त्याला. आजोबांची शेती कुठे होती, तिथपासून सुरू करा.

शिवाय कोलंबसात एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगचा, संघ नाही. नेब्रास्का, आयोवा, अलाबामा या राज्यांत तर मोठ्या लीगमधला कुठल्याच खेळाचा संघ नाही. सगळ्या राज्याला मिळून जीव लावायला एकच झेंडा मिळतो.

दिवस सरत नाही म्हणता, त्यावर माझ्याकडे नेमका उपाय आहे: कॉर्नहोल. टेलगेटवर तर खेळतातच, पण शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेवरही बोर्ड असतील. चार फूट लांब, दोन फूट रुंद उतरती फळी, वरच्या बाजूला सहा इंचांचं भोक. समोर 27 फुटांवर तशीच दुसरी. प्रत्येकाकडे चार पिशव्या, एकेक पौंडभर वजनाची. भोकात गेली तर तीन गुण, फळीवर राहिली तर एक. दोघांच्या गुणांची वजाबाकी करून ज्याचे जास्त त्यालाच उरलेले मिळतात. 21 ला खेळ संपतो. धावायचं नाही, वाकायचं थोडंच. पिशवी हातातून सुटताना ती आडवी फिरली पाहिजे, म्हणजे फळीवर पडल्यावर उसळत नाही, सरकत जाते. मनगट हलकं हवं. ज्यांनी लहानपणी गोट्या आणि विटीदांडू खेळला आहे त्यांचा नेम इथे लवकर बसतो, हे मी आमच्या वडीलधाऱ्या मंडळींत पाहिलंय. शिवाय दोन पिशव्यांच्या मध्ये बोलायला वेळ मिळतो. भाषा अडखळली तरी गुण मोजता येतातच. शिक्षकाकडे गुणफलक आपोआप सोपवतात.

त्या कुत्र्यालाही विसरू नका. त्याचं नाव विचारून ठेवा. मालकाचं नाव विसरलात तरी एक वेळ चालेल.

ताई, मार्चमध्ये ऑफिसात ‘ब्रॅकेट’ भरायला सांगतात, पाच-दहा डॉलर घेतात. हा जुगार आहे का? ह्यांना तर आता फोनवर पैसे लावायची सवय लागतेय असं वाटतं.
— काळजीत

यात दोन प्रश्न आहेत आणि दुसरा जास्त महत्त्वाचा आहे. आधी पहिला. मार्चमधल्या कॉलेज बास्केटबॉलच्या स्पर्धेत सुरुवातीचे पात्रता सामने सोडले तर 63 सामने उरतात, आणि प्रत्येकाचा निकाल आधी लिहून द्यायचा, तोच ब्रॅकेट. तो भरण्याचे शक्य तेवढे सगळे प्रकार मोजले तर आकडा नऊच्या पुढे आणखी अठरा आकडे इतका होतो. तेव्हा जाणकार आणि नवखा तिथे एकाच पायरीवर असतात. कुणी संघाच्या रंगावर भरतं, कुणी प्राण्यावर. आमच्या प्रयोगशाळेत स्वागतकक्षातली बाई शहर राहायला कसं असेल यावर संघ निवडायची, आणि त्या निमित्ताने कोण कुठे राहिलंय, कुणाची बहीण कुठे आहे हे सगळ्यांना कळायचं. ऑफिसातली गंमत म्हणून भरा. पैसे द्यायचे नसतील तर तसं सांगून नुसता कागद भरा, कुणी अडवत नाही.

फोनवरचं मात्र वेगळं आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यांना खेळांवरची सट्टेबाजी खुली करायची मुभा मिळाली. ओहायोत ती 1 जानेवारी 2023 ला सुरू झाली. वर्ष-सव्वा वर्षातच, 2024 मध्ये, एकेका कॉलेज खेळाडूच्या कामगिरीवर पैसे लावायला इथल्या नियामकांनी बंदी घातली, कारण पैसे बुडालेले लोक त्या मुलांना घाणेरडे निरोप पाठवत होते. एकोणीस-वीस वर्षांची मुलं ही! तुमच्या यजमानांशी सामना चालू नसताना, शांतपणे बोला. त्यांना विचारा, शेवटचा सामना पैसे न लावता कधी पाहिला. बँकेचे कागद दोघांनी मिळून बघा. सगळ्या ॲपमध्ये मर्यादा घालायची आणि स्वतःला बाहेर ठेवायची सोय असते, ती वापरा. हाताबाहेर चाललंय असं वाटलं तर 1-800-GAMBLER म्हणून ओळखली जाणारी मदतवाहिनी देशभर आहे, आकड्यांत 1-800-426-2537. लाजून थांबू नका.

ताई, आम्ही आयोवा सिटीत राहतो. मुलगी आठवीत आहे, उंच आहे, तिला व्हॉलीबॉल खेळायचंय. सासरचे म्हणतात, मुलींचे खेळ कोण बघतं, त्यापेक्षा अभ्यास कर. काय सांगू त्यांना?
— आई

त्यांना आकडा सांगा: 92,003. 30 ऑगस्ट 2023 ला लिंकनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये, उघड्या आभाळाखाली, नेब्रास्काच्या मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना बघायला इतकी माणसं आली होती. त्याच ऑक्टोबरात तुमच्या आयोवा सिटीत, किनिक स्टेडियमवर, मुलींच्या बास्केटबॉलच्या एका सराव सामन्याला 55 हजारांवर लोक होते. आणि 2024 च्या बास्केटबॉल अंतिम सामन्यात टीव्हीवर मुलींना 1 कोटी 80 लाखांहून जास्त प्रेक्षक मिळाले, मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षा स्पष्ट जास्त. कोण बघतं, तर हे सगळे बघतात.

हे आपोआप झालेलं नाही. 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सांगितलं की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी भेद चालणार नाही, आणि त्यात खेळही आले. त्याआधी पुष्कळ मुलींना स्वतःच्या पैशाने गणवेश शिवून खेळावं लागे. त्या पिढीच्या बायका आज प्रेक्षकांत बसतात. एकदा लिंकनहून परतताना पेट्रोल पंपावर एक लाल स्वेटशर्टातली आजी भेटली. नातीला दाखवायला घेऊन आले होते म्हणाली, मला कुणी घेऊन गेलं नव्हतं.

अभ्यासाचं म्हणाल तर संघात राहायला गुण राखावेच लागतात, शाळेत आणि पुढे कॉलेजातही. पण मी शिष्यवृत्तीच्या आशेने तिला खेळवा असं म्हणणार नाही. फार थोड्यांना ती मिळते. तिला आवडतंय म्हणून खेळू द्या. उंच मुलगी वर्गात पाठीला पोक काढून बसते ती नेटपाशी ताठ उभी राहते, हे मी माझ्या भाचीत पाहिलंय.

आणि सासूसासऱ्यांना एकदा किनिकला घेऊन जा, फुटबॉलच्या सामन्याला. स्टेडियमच्या शेजारीच मुलांचं हॉस्पिटल आहे. पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पहिला पाव भाग, संपला की दोन्ही संघ, पंच आणि सगळे प्रेक्षक हॉस्पिटलकडे तोंड करून हात हलवतात, आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांतून आजारी मुलं त्यांना हात हलवतात. एका चाहतीने सुचवलं आणि 2017 पासून दर सामन्याला हे होतं. पाहुणा संघही करतो. हॉस्पिटलात आयुष्य काढलेली मी, मला यापेक्षा चांगली प्रथा कुठल्या खेळात माहीत नाही.

ताई, सीझन संपला की हीच माणसं ओळख दाखवत नाहीत. जानेवारीपासून काय करायचं?
— पुन्हा एकटी

ओळख दाखवत नाहीत असं नाही, भेटायचं निमित्त संपलेलं असतं. ते तुम्ही तयार करा. ज्याच्याशी ज्या विषयावर बोललात तो धागा धरून फोन करा: त्या लोणच्याची कृती पाठवता का, तुमच्या कुत्रीला पिल्लं झाली का, कुठल्या कंपनीचं बी घेतलं होतं. फेब्रुवारीत बियाण्यांचे कॅटलॉग येतात, एप्रिलमध्ये बऱ्याच ठिकाणी संघ आपापसात सराव सामना खेळतो आणि लोक पुन्हा जमतात. पण एप्रिलची वाट बघू नका. बर्फ पडला की शेजाऱ्याची पायवाट साफ करा आणि त्यांना चहाला बोलवा.

ताई, स्टेडियममध्ये डबा नेता येतो का? पर्स?
— घाईत

डबा नाही. बहुतेक ठिकाणी पारदर्शक पिशवीचा नियम आहे: प्लॅस्टिकची आरपार दिसणारी पिशवी, 12 बाय 6 बाय 12 इंचांपेक्षा मोठी नको. शिवाय तळहाताएवढी छोटी पर्स चालते. औषधं आणि तान्ह्या बाळाचं सामान यांना सवलत असते, पण दारावर वेगळ्या रांगेत तपासतात, त्यासाठी लवकर जा. पाण्याच्या बाटलीचा नियम जागोजाग वेगळा, तो विद्यापीठाच्या वेबसाइटवर आदल्या दिवशी बघा. दशम्या आणि चटणी गाडीत ठेवा. सामना सुटल्यावर लॉटमधून गाडी रस्त्याला लागेपर्यंत कडकडून भूक लागते, आणि शेजारच्या गाडीतलेही काच खाली करून विचारतात, काय खाताय म्हणून. दोन जास्तीच्या घ्या.